जबलपूर : संगमरवरी कड्यांच्या पलीकडे

मुंबई किंवा नागपूरहून जबलपूरला आलेले बहुतेक पर्यटक इथे जेमतेम एक दिवस थांबतात. सकाळी भेडाघाट, दुपारी धुवांधार, येताना दगडी मूर्तींची थोडी खरेदी आणि रात्री पुढची गाडी. संगमरवरी कडे पाहिले की जबलपूर पाहून झाले, असा समज पक्का आहे. त्यात शहर मात्र राहून जाते. कलचुरी, गोंड, मराठे आणि इंग्रज या साऱ्यांनी इथे राज्य केले. आज इथल्या बाजारात हिंदी आणि बुंदेलीबरोबर मराठी व बंगालीही कानावर पडते. आणखी एक गोष्ट फिरता फिरता लक्षात येते. या शहराच्या किती तरी ठिकाणांशी कुणा ना कुणा स्त्रीचे नाव जोडलेले आहे.

नर्मदेची किमया

सुरुवात अर्थातच भेडाघाटापासून करावी. शहरापासून हे ठिकाण सुमारे पंचवीस किलोमीटरवर आहे. रुंद पात्रातून संथ वाहत आलेली नर्मदा इथे एकाएकी अरुंद होते आणि खाली झेप घेते. उडणाऱ्या तुषारांचा धूर दुरूनच दिसतो, म्हणून या धबधब्याचे नाव धुवांधार. पलीकडच्या काठावर जाण्यासाठी रोपवेची सोय आहे. काठावरचे खडक पाण्याने गुळगुळीत झालेले असतात. फोटोच्या मोहाने कठड्यापलीकडे जाऊ नये आणि मुलांचा हात सोडू नये.

धबधब्याच्या पुढे पंचवटी घाटावरून नावा सुटतात. दोन्ही बाजूंना पांढरे, गुलाबी, करडे, कुठे काळपट असे कडे आणि मधून हिरवे, खोल पाणी. एका जागी हे कडे इतके जवळ येतात की पूर्वी माकडे उडी मारून पलीकडे जात, असे नावाडी सांगतात. त्या जागेला ‘बंदर कूदनी’ म्हणतात. नावाडी वल्ही मारता मारता यमके जुळवून सगळी माहिती देत असतो आणि त्या बोलण्यावरच मुले खूश होतात. ‘जिस देश में गंगा बहती है’ या १९६० च्या चित्रपटाचे चित्रीकरण याच कड्यांमध्ये झाले होते. पौर्णिमेच्या रात्री चांदण्यात उजळलेले कडे पाहण्याची मजा काही वेगळीच. पावसाळ्यात मात्र नौकाविहार बंद असतो.

एका राणीचे मंदिर

भेडाघाटला आलेले अनेक जण पायऱ्या पाहून चौसष्ट योगिनी मंदिराचा बेत रद्द करतात. तसे करू नये. शंभराहून अधिक पायऱ्या चढून गेल्यावर टेकडीच्या माथ्यावर एक वर्तुळाकार प्रांगण लागते. त्याच्या कडेने ओळीने कोनाडे आहेत आणि त्यांत योगिनींच्या मूर्ती. नाव चौसष्ट योगिनींचे असले तरी कोनाडे ८१ आहेत. कलचुरी राजांच्या काळातील या मूर्ती सुमारे हजार वर्षांपूर्वीच्या आहेत. बहुतेक भंगलेल्या असल्या तरी त्यांचे दागिने, केशरचना, बसण्याची ढब आजही स्पष्ट दिसते. प्रांगणाच्या मध्यभागी गौरीशंकराचे मंदिर आहे. बाराव्या शतकात अल्हणदेवी या कलचुरी राणीने इथे शिवमंदिर उभारले, असे तिच्या शिलालेखातून कळते.

कलचुरींची राजधानी त्रिपुरी म्हणजे आजचे तेवर गाव. ते भेडाघाटच्या रस्त्यावरच लागते. परतताना तिथले त्रिपुरसुंदरीचे मंदिर पाहता येते.

राणी, दासी आणि दळण दळणारी

शहराच्या दक्षिणेला टेकडीवर, एका प्रचंड शिळेवर मदनमहाल उभा आहे. हा किल्ला गोंड राजा मदनसिंह याने बांधला, असे मानतात. आकाराने तो लहान आहे. पण माथ्यावरून सारे शहर नजरेत येते. जवळच एका खडकावर दुसरा भलामोठा खडक अगदी थोड्या आधाराने तोललेला आहे. २२ मे १९९७ च्या पहाटे जबलपूरला भूकंप झाला, अनेक घरे पडली, माणसे दगावली. हा खडक मात्र जागचा हलला नाही.

गोंड राज्य म्हटले की राणी दुर्गावती आठवते. कालिंजरच्या चंदेल घराण्यातली ही मुलगी गोंड राजा दलपतशाहाची राणी झाली. पतीच्या निधनानंतर लहान मुलाच्या नावाने तिने सुमारे चौदा वर्षे राज्य चालवले. १५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान चालून आला. रणात बाणांनी घायाळ झालेल्या राणीने शत्रूच्या हाती पडण्याऐवजी स्वतःच्याच कट्यारीने प्राण दिला. मंडला रस्त्यावर बरेल्याजवळ तिची समाधी आहे. शहरातील विद्यापीठ आणि वस्तुसंग्रहालय, दोन्हींना तिचे नाव दिले आहे.

तिच्या काळातील तलावांची नावे आज वस्त्यांना मिळाली आहेत. राणीचा तो रानीताल, तिच्या दासीचा तो चेरीताल आणि मंत्री आधारसिंहाचा तो आधारताल, असे सांगतात. ‘चेरी’ म्हणजे दासी, हे जुनी मराठी जाणणाऱ्याला सांगावे लागत नाही. वाढत्या शहरात बरेच तलाव बुजले. रानीताल भागात आता क्रीडासंकुल आहे. पाणी गेले, नावे राहिली.

याच परिसरात ‘पिसनहारी की मढिया’ हे जैन मंदिर आहे. पिसनहारी म्हणजे दळण दळणारी. एका गरीब बाईने लोकांचे दळण दळून पैसा पैसा साठवला आणि त्यातून हे मंदिर उभे केले, अशी कथा आहे. तिच्या जात्याच्या तळ्या तिथे मानाने जपून ठेवल्या आहेत. आजीआजोबा, मुले सारेच या ठिकाणी थोडा वेळ रेंगाळतात.

बावन्न हत्तींची मिरवणूक

१७८१ मध्ये गोंडांचे राज्य सागरच्या मराठ्यांकडे गेले. पुढे ते नागपूरकर भोसल्यांकडे आले आणि १८१७ मध्ये इंग्रजांनी जबलपूर घेतले. ठगांचा बंदोबस्त करणारा स्लीमन इथलाच अधिकारी. त्याला १८२८ मध्ये इथल्या टेकडीवर दगड झालेली हाडे सापडली. ती डायनोसॉरची होती, हे पुढे सिद्ध झाले. १८७० मध्ये मुंबई आणि कोलकात्याकडून आलेले लोहमार्ग जबलपुरातच जोडले गेले. पुढे तोफगाड्यांचा कारखाना आला, लष्करी छावणी वाढली. रेल्वे, कारखाने आणि शाळा-महाविद्यालयांतील नोकऱ्यांच्या निमित्ताने अनेक मराठी कुटुंबे इथे आली आणि इथलीच झाली.

जुन्या बाजारातील कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक आहे. अधिवेशन बावन्नावे, म्हणून मिरवणुकीला बावन्न हत्ती होते. अध्यक्ष सुभाषचंद्र बोस तापाने फणफणले होते, म्हणून मिरवणुकीत त्यांचे छायाचित्र नेण्यात आले. झाशीच्या राणीवरील कवितेने घराघरांत पोचलेल्या सुभद्राकुमारी चौहान याच शहरात राहत. महानगरपालिकेसमोर त्यांचा पुतळा आहे. जवळपासच्या गल्ल्यांत खव्याची गडद तपकिरी जिलेबी मिळते. ती गरम असतानाच खावी.

वेळ असेल तर बरगी धरणही पाहावे. अफाट जलाशय डोळ्यांत मावत नाही. १९९० मध्ये पूर्ण झालेल्या या धरणामुळे १६२ गावांना झळ पोचली. त्यांत बरेचसे गोंड आदिवासींचे संसार होते. पाण्याकडे पाहताना त्यांचीही आठवण असावी.

कसे जाल, केव्हा जाल

मुंबईहून इटारसीमार्गे थेट गाड्या आहेत. नागपूरहून सिवनीमार्गे मोटारीने सुमारे २७० किलोमीटर पडतात. पूर्व विदर्भातल्यांना गोंदियाहून रेल्वेने जाता येते. डुमना विमानतळ शहराजवळच आहे. ऑक्टोबर ते मार्च हा काळ उत्तम. पहिला दिवस भेडाघाट, योगिनी मंदिर आणि तेवरसाठी, दुसरा मदनमहाल, पिसनहारी, संग्रहालय आणि जुन्या बाजारासाठी ठेवावा. संग्रहालयाची साप्ताहिक सुट्टी आधी विचारून घ्यावी. संध्याकाळी ग्वारीघाटावर बसावे. नर्मदेत दिवे सोडले जातात, घाटावर चार भाषांत गप्पा चालू असतात. फक्त कडे पाहून परतणाऱ्याला हे जबलपूर भेटत नाही. त्यासाठी एक दिवस जास्त काढावा लागतो.