सी-१ चं घर

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढल्यापासून मला स्क्रीनकडे फार वेळ बघवत नाही, डोळ्याला पाणी येतं. त्यामुळे स्टॉकफिश या बुद्धिबळाच्या इंजिनशी खेळायची माझी पद्धत बदलली. आता लॅपटॉप टेबलाच्या पलीकडे, माझ्याकडे पाठ करून असतो. माझ्यासमोर लाकडी पट, आणि मधे शेजारची सातवीतली पोरगी. ती इंजिनची चाल मोठ्यानं वाचते, मी ती पटावर खेळतो, माझी चाल ती आत टाकते. वरवर पाहता बदल एवढाच. पण त्यामुळे मला आकडा दिसेनासा झाला, आणि हा लेख लिहायला बसलोय तो त्या आकड्यापायी.

इंजिनशी खेळणाऱ्याला मी कशाबद्दल बोलतोय ते लगेच कळेल. उणे ०.९, उणे १.४, उणे २.१. आपण गप्प बसून तटबंदी सांभाळत असतो आणि बाजूला तो आकडा, आपण किती मागे आहोत ते सांगत, आपली लायकी मोजत असतो. मी जिंकायला कधीच खेळत नाही. तो काळ गेला, आणि माझ्या वकुबाच्या माणसासाठी तो कधी आलाही नव्हता. मला हवी असते बरोबरी. मॅग्नस कार्लसनपेक्षा कितीतरी वरचढ असलेल्या यंत्राला अर्ध्या गुणावर रोखायचं, एवढीच हौस.

या हौसेचा इतिहास मानहानीचा आहे. १९९७ साली डीप ब्लूविरुद्धच्या दुसऱ्या डावात कास्पारॉव्हनं हार मानली. नंतर विश्लेषकांनी दाखवलं की तिथं सततच्या शहानं बरोबरी होती. म्हणजे बरोबरी पटावर होती, पण समोर यंत्र आहे या धास्तीनं ती त्याला दिसली नाही. २००५ मध्ये लंडनला मायकेल अ‍ॅडम्स हायड्रा या यंत्राशी सहा डाव खेळला, त्यातला फक्त एक त्यानं बरोबरीत सोडवला. २००६ मध्ये बॉनला जगज्जेता क्रामनिक डीप फ्रिट्झसमोर एका चालीतली मात बघायला विसरला. त्याआधी २००२ मध्ये बहारीनला याच क्रामनिकनं ४-४ अशी बरोबरी केली होती. माझ्या लेखी ती त्याची सर्वांत मोठी कामगिरी आहे, कास्पारॉव्हचं जगज्जेतेपद घेतलं त्याहूनही मोठी. हे माझं मत कुणाला पटत नाही.

बंद डावाचा रस्ता कास्पारॉव्हनंच दाखवला. २००३ मध्ये न्यूयॉर्कला एक्सथ्रीडी फ्रिट्झविरुद्धच्या तिसऱ्या डावात त्यानं प्याद्यांची साखळी अशी अडकवली, की बिचारं यंत्र उंट इकडून तिकडे हलवत बसलं आणि हरलं. २००८ मध्ये हिकारू नाकामुरानं रिबका या इंजिनला तीन मिनिटांच्या डावात असंच कोंडलं. आपणच वरचढ आहोत असं रिबकाला वाटत होतं, म्हणून पन्नास चालींच्या नियमानं होणारी बरोबरी टाळायला तिनं आपला बंद पट आपणच उघडला. तो डाव २७१ चाली चालला. आम्हा लोकांचं ते सुवर्णयुग. २०२० मध्ये स्टॉकफिशमध्ये न्यूरल नेटवर्क आलं आणि ते संपलं. आताच्या इंजिनला बंद पट कळतो. ते सहजासहजी साखळी अडकू देत नाही.

म्हणून पहिल्या काही चाली मीच ठरवून देतो. डाव किंग्ज इंडियनच्या वळणावर नेऊन ठेवतो आणि मग म्हणतो, आता खेळ. बरोबरीची बातमी मित्रांना सांगताना हा भाग मी सांगत नाही. लॅपटॉप किती जुना आहे तेही नाही, आणि एका बरोबरीमागे पराभव किती, तेही नाही.

आता मला जिथं पोचायचं असतं ती स्थिती. माझी पांढरी प्यादी ए-४, बी-३, सी-४, डी-५, ई-४, एफ-३, जी-४. काळी ए-५, बी-६, सी-५, डी-६, ई-५, एफ-४, जी-५. एफ-४ होण्याआधी जी-४ झालेलं हवं, नाहीतर ते वाटेतच मारलं जातं. एच पट्टीवरची प्यादी गेलेली, त्याच पट्टीवर हत्ती आणि वजीरही बदललेले. माझ्याकडे उरतात राजा, एक घोडा आणि काळ्या घरांचा उंट. त्याच्याकडे राजा, घोडा आणि पांढऱ्या घरांचा उंट. राजा ई-२ वर, घोडा एफ-२ वर, उंट डी-२ वर. घोडा तिथून ई-४ आणि जी-४ दोन्ही राखतो, राजा एफ-३ राखतो. काळ्या राजाला एच-५ मधून आत यायचं असतं, पण ते घर जी-४ च्या प्याद्याच्या माऱ्यात आहे. म्हणजे दारं सगळी बंद.

इथून पुढे खेळ म्हणजे नुसतं थांबणं, आणि थांबण्यातच माझी सगळी अडचण आहे. पहिला मोह घोड्याचा. एफ-२ ला घोडा कुरूप दिसतो. डी-३ ला गेला तर सी-५, ई-५, एफ-४ असा तिहेरी नेम धरून बसतो, छायाचित्र काढावं असा. पण तो निघाला की जी-४ ला एकट्या एफ-३ चा आधार उरतो आणि ई-४ लाही तोच. मग उंटाचा किंवा घोड्याचा बळी देऊन ती दोन प्यादी फोडायला काळा मोकळा. हा मोह मी बऱ्याच वर्षांपूर्वी जिंकला. घोडा एफ-२ ला ठेवून माझा हात आता शांत राहतो.

मला छळतो तो उंट. काळा घोडा जी-६ वरून एच-४ ला येतो आणि एफ-३ वर नेम धरतो. येऊ दे, राजा आहे. मग तो जी-२ ला उतरतो, माझ्या घरात, राजापासून दोन घरांवर. तिथून त्याला ई-३ ला बसायचं असतं. एकदा ई-३ ला बसला की एफ-४ चं प्यादं त्याला टेकू देतं. मग सी-२, मग डी-४ ला राजाला शह, आणि तिथून बी-३ व एफ-३ या दोन्ही प्याद्यांवर एकदम मारा. किल्ला संपला. ई-३ चं घर राखतो माझा उंट, डी-२ वरून. पण चाल माझी आहे आणि मला काहीतरी हलवावं लागणार. राजा हलवला तर एफ-३ उघडं पडतं, घोडा हलवला तर जी-४. राहिला उंट. त्याला डी-२ सोडायचंय आणि तरी ई-३ राखायचंय. असं घर एकच: सी-१.

डावाच्या सुरुवातीला उंट जिथं उभा असतो तेच हे घर. तीस-चाळीस चाली खेळून झाल्यावर त्याला जन्मघरी परत पाठवायचं, आणि पुढच्या चालीला पुन्हा डी-२. काळा घोडा जी-२ ला आहे तोवर सी-१, डी-२, सी-१, डी-२. लिहिताना हे सोपं वाटतं. पटावर बसलेल्या माणसाचा हात सी-३ कडे जातो. सी-३ वरून उंट एका बाजूला ए-५ कडे आणि दुसऱ्या बाजूला ई-५ कडे रोखून बघतो. काहीतरी केल्यासारखं वाटतं. किंवा हात राजाकडे जातो, की त्या आगाऊ घोड्याला एफ-१ वरून हुसकावून लावू. मी हे सगळं करून बसलोय आणि हरलोय. चाल माहीत नव्हती म्हणून नाही, तर बाजूला आकडा होता म्हणून. उणे दोनच्या खाली आकडा बघत सी-१ खेळायला मन तयार होत नाही. वाटतं, एवढा मागे आहोत, काहीतरी करायला हवं. आणि खरं तर तो आकडा चुकलेला असतो. पन्नास चालींचा हिशोब जसजसा पुढे सरकतो तसतसा स्टॉकफिश स्वतःच तो शून्याकडे उतरवत नेतो. पण तोवर थांबायचं कुणी?

आमच्या देवळाली कॅम्पात थांबण्याचा इतिहास जुना आहे. ब्रिटिशांच्या काळी मुदत संपलेले गोरे शिपाई मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट बघत इथं पडून असायचे. बोटी हिवाळ्याच्या हंगामात सुटायच्या, ज्याची मुदत भलत्या महिन्यात संपली त्याचे हाल. काम नाही, कवायत नाही, नुसतं ऊन आणि माळ. बसून बसून काहींची डोकी फिरत, इतकी की गावाचं नाव इंग्रजीत वेडाशी जोडलं गेलं. नंतर लॅम रोडवर आरोग्यधामं उभी राहिली. तिथं येणाऱ्यांचंही कामच हवा खात थांबणं. टेंपल हिलवर संध्याकाळी फिरायला येणारे निवृत्त सुभेदार आणि मी, आमचंही तेच. मला वाटतं, मी पुण्या-मुंबईत राहिलो असतो तर हे असलं बुद्धिबळ माझ्याच्यानं झालं नसतं. तोफखान्याच्या सरावाचे दणके सुरू झाले की खिडकीच्या काचा थरथरतात, पोरगी दचकते आणि चाल चुकीची वाचते. तेवढा एकच व्यत्यय.

आकडा दिसेनासा झाल्यावर पहिल्यांदा मी घोडा जी-२ ला आलेला बघून फारसा विचार न करता उंट सी-१ ला नेऊन ठेवला. पोरगी म्हणाली, "आजोबा, परत मागे?" मी म्हटलं, "परत मागे." ती आकडा सांगायला लागली तेव्हा तिला गप्प केलं. डाव बरोबरीत सुटला. आता इथं मी मोठा विरक्त झालो असं कुणी समजू नये. डाव संपल्यावर मी तिला हळूच विचारतोच, की जास्तीत जास्त किती गेला होता गं? ती म्हणते, "दोन पॉइंट चार." मग मला फार बरं वाटतं. आकडा जितका मोठा, तितकी माझी बरोबरी मोठी. दोन पॉइंट चारची बरोबरी मी चहाच्या टपरीवर तीनची करून सांगतो.

हल्लीच्या पोरांबद्दल माझं मत फार चांगलं नाही, आणि त्यांचं माझ्याबद्दल तर त्याहून वाईट असणार. बुद्धिबळाच्या शिबिरांतून मी पाहिलंय. डाव संपला की पोरगा समोरच्याशी बोलत नाही, मोबाइल काढून अचूकता किती टक्के आली ते बघतो. आम्ही डाव संपल्यावर तास-तास पटावर भांडायचो, 'इथं हत्ती खेळला असतास तर' वगैरे. त्या भांडणात खेळ शिकायला मिळायचा. आता भांडण उरलं नाही, निकाल आधीच लागलेला. पत्रानं खेळायच्या बुद्धिबळाची तर दशाच झाली. पोस्टकार्डावर चाल लिहून महिनाभर उत्तराची वाट बघणारे लोक मी पाहिलेत. आता त्या स्पर्धांमध्ये इंजिन वापरायला परवानगी आहे आणि सर्वांत वरच्या पातळीवर जवळजवळ सगळे डाव बरोबरीत सुटतात. असली बरोबरी मला चालत नाही. दोन्हीकडे यंत्रं बसवून मिळालेला अर्धा गुण मी माझ्या अर्ध्या गुणाशेजारी ठेवू देणार नाही. हा हेवा असेल, तर असो.

पण सगळ्यांना एकाच मापानं मोजू नये. आमच्या नाशिकचा विदित गुजराथी २०२४ च्या एप्रिलमध्ये टोरंटोला कँडिडेट्स स्पर्धेत नाकामुराला दोनदा हरवून आला. त्यातला पहिला डाव मी पटावर मांडून पुन्हा पुन्हा पाहिला. काळी मोहरी, बर्लिन बचाव. बर्लिन म्हणजे बरोबरी मागायचं पत्र, असा जगाचा समज. क्रामनिकनं २००० मध्ये त्याच बचावावर कास्पारॉव्हला अडवलं होतं. आणि विदितनं तिथं अकराव्या चालीला एच-३ वर उंट दिला! मी त्या जागी असतो तर उंट मागे घेतला असता. हे लिहिताना लाज वाटत नाही, पण जरा असूया वाटते.

पोरगीला अर्थातच विदितपेक्षा दिव्या देशमुख जवळची. नागपूरच्या मुलीनं २०२५ च्या जुलैत बाटुमीला कोनेरू हम्पीला टायब्रेकमध्ये हरवून विश्वचषक जिंकला, तेव्हापासून हिचं खेळणं बदललंय. परवा तिनं काळी बाजू इंजिनकडून काढून स्वतःकडे घेतली. माझा किल्ला उभा होता, घोडा एफ-२ ला, राजा ई-२ ला. तिनं जी-४ चं प्यादं घोड्यानं मारलं. मी घोड्यानं घोडा घेतला, तिनं उंटानं माझा घोडा घेतला, मी एफच्या प्याद्यानं उंट घेतला. दोन मोहरी देऊन तिला मिळालं एक प्यादं आणि एक घोडा. बळी चुकीचा होता, इंजिननं कधीच दिला नसता. ती हरली. हरल्यावर हसली आणि म्हणाली, पुन्हा लावा.

तिला मी ही बरोबरीची विद्या शिकवणार नाही, असं ठरवलंय. तेराव्या वर्षी उंट सी-१ ला परत नेणं शिकलेली मुलगी पुढे एच-३ वर उंट देणार नाही. शिबिरं घेणाऱ्या माझ्या मित्रांनाही सांगणं आहे, की लहान मुलांना तटबंदी शिकवू नका, ती साठीनंतरची गोष्ट आहे. ज्यांची साठी झालीय आणि हातात वेळ आहे, अशा कुणाला हवी असेल तर मात्र देवळाली कॅम्पात जरूर यावं. पट माझ्याकडे आहे. चाली वाचून दाखवायला माणूस तुमचा तुम्ही आणा, कारण आमची पोरगी आता त्या कामाला कंटाळली आहे.