झिलकरी

पुढे बसून गाणाऱ्याला वाहवा मिळते. त्याच्यामागे बसून पालुपद उचलणाऱ्याला काय मिळते? लहानपणी हा प्रश्न मला फार छळीत असे. कारण मी झिलकरी होतो. पुढे होण्याइतका आवाज माझ्यापाशी होता, धीटपणाही होता. मास्तरांची परवानगी तेवढी नव्हती.

आमचे घर अलिबागच्या इस्रायल आळीत. आम्ही बेने इस्रायल. आमचे पूर्वज गलबत फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागले, असे आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले आहेत. कोकणात त्यांनी तेलाचे घाणे चालवले. शनिवारी मात्र घाणा बंद. म्हणून लोक त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागले. प्रार्थना हिब्रूत, पण भांडणे, लाड आणि अंगाई मराठीत! १८८० साली मुंबईच्या आमच्या मंडळींनी हरिकीर्तनाच्या धर्तीवर आब्राहाम, योसेफ अशा पूर्वजांची मराठी आख्याने लावली. थाट सारा कीर्तनाचा. कथा तेवढी तोरातली.

१९६१ साली मी ११ वर्षांचा होतो. शनिवारी आकाशात तीन तारे दिसले, की शब्बाथ संपे आणि आम्ही नऊ मुले मास्तरांच्या पडवीत जमत असू. कंदिलाभोवती बसायचे, मास्तर पेटी ओढणार, एक मोठा मुलगा पद म्हणणार आणि आम्ही झील धरणार. एकदा मला राहवले नाही. पालुपद सुरू होताच मी आवाज असा चढवला, की बाकीच्या आठांचा पत्ताच लागू नये! मास्तरांनी पेटी थांबवली.

"तुझ्या शेजारचा काय म्हणत होता, ऐकलंस?"

"नाही, मास्तर."

"मग तू गात नव्हतास, ओरडत होतास."

सगळी मुले हसली. घरी येऊन मी न जेवता निजलो. आई उशाशी येऊन म्हणाली, "अरे, मास्तर उगाच नाही बोलायचे." मला ते मुळीच पटले नाही. पण पुढच्या शनिवारी मी खाली मान घालून ऐकू लागलो. हळूहळू कळत गेले, की शेजारचा दमला की आपण थोडे जोर धरायचा असतो, आणि आपला श्वास संपला की शेजारचा आपल्याला सांभाळून घेतो.

१९४८ साली इस्रायलचे राज्य झाले आणि आमच्यातली माणसे तिकडे जाऊ लागली. आमच्या आळीतली कुलुपे वाढत गेली. नऊंचे सात झाले, सातांचे चार. प्रार्थनेला लागणारी दहा प्रौढ पुरुषांची मिन्यानसुद्धा भरेना. १९६६ साली मास्तरही गेले. जाताना मला म्हणाले, "येतो रे." परत येणार नाहीत हे दोघांनाही ठाऊक होते. बाबांना मात्र नारळाची वाडी सोडवेना, म्हणून आम्ही राहिलो.

१९६८ साली ताईचे लग्न ठरले. मेंदीच्या रात्री मलिदा केला होता. भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, वर फळे. ताट मांडले, आळीतले शेजारी जमले. एलियाहू हनाबीचे गीत म्हटल्यावाचून मलिद्याला हात लावायचा नाही, ही आमची रीत. पण म्हणणार कोण? बाबांनी आजूबाजूला पाहिले. जे म्हणत असत त्यांतले कोणीच आता अलिबागेत नव्हते. ताईने मान खाली घातली.

मी सुरुवात केली. पहिल्या ओळीला आवाज कापला. पण दुसरी ओळ आली, तिसरी आली आणि माझ्या ध्यानात आले, की मला सारेच्या सारे येते आहे! पाच वर्षे पाठीमागे बसून मी दुसऱ्याचे गाणे ऐकले होते. त्यातले अक्षरही वाया गेले नव्हते. पालुपदाला मी श्वास घेतला. आता झील कोण धरणार, या विचाराने छातीत धस्स झाले. इतक्यात मागून आवाज उठला. शेजारच्या कोळ्याची दोन मुले! लहानपणापासून ती मास्तरांच्या पडवीच्या पायरीवर बसून ऐकत आली होती. त्यांच्यामागून आई, बाबा आणि मग सारी पडवी म्हणू लागली.

पुढे बँकेत मी ३४ वर्षे नोकरी केली. साहेब झालो, तरी समोरच्याचे बोलणे पुरते ऐकल्यावाचून मला उत्तर सुचत नसे. काही जण त्याला मंदपणा म्हणत. मी मनात मास्तरांना नमस्कार करी.

आता मलिद्याला मीच पुढे बसतो. गेल्या खेपेस नातू कानाशी येऊन म्हणाला, "आबा, मी कधी पुढे बसू?"

"आधी झील धरायला शीक," मी म्हणालो.

त्याचा चेहरा पडला. तो चेहरा माझ्या चांगला ओळखीचा होता.