वेलांटीची जागा

नरसी नामदेव आमच्याच हिंगोली जिल्ह्यातले. नामदेवांचे अभंग कंठातून आणि वह्यांतून शतकानुशतके टिकले, हे वर्गात शिकवताना मला नेहमी एक प्रकारचा दिलासा वाटत आला आहे. माझ्या आजीच्या ओव्यांना मात्र वीस वर्षेही पुरी निभावता आली नाहीत, असे मधे काही दिवस वाटले होते.

२००४ साली एम.ए.च्या लघुप्रबंधासाठी मी तिच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या आणि गावातल्या एका डीटीपी केंद्रात टंकलिखित करून घेतल्या. पुढे आजी गेली, वहीला वाळवी लागली. उरली ती एक सीडी. गेल्या वर्षी विद्यार्थ्यांना पडद्यावर दाखवाव्यात म्हणून ती फाईल माझ्या लिनक्सवरच्या लिबरऑफिसमध्ये उघडली, तर रोमन अक्षरे, कंस आणि डॉलरची चिन्हे! महाविद्यालयातल्या विंडोजवर वर्डमध्ये तेच, सहकाऱ्याच्या मॅकवरही तेच.

दोष सॉफ्टवेअरचा नव्हता. त्या काळचे बहुतेक मराठी फाँट रोमन अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवीत. फाँट गेला की खालची रोमन अक्षरे उघडी पडत. युनिकोडमध्ये ‘क’ला २३२५ हा त्याचा स्वतःचा क्रमांक आहे. १९९१च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात होती आणि विंडोज २०००बरोबर ‘मंगल’ फाँटही आला होता. पण आमच्या टेबलापर्यंत ही वार्ता पोचायला वेळ लागला.

सादरीकरणासाठी कोणते साधन घ्यावे, असे विद्यार्थी विचारतात. पॉवरपॉइंट १९८७ साली प्रथम आले ते मॅकिंटॉशसाठी, हे ऐकून त्यांना नवल वाटते. कीनोट ॲपलच्या यंत्रांचे. लिबरऑफिसचे इम्प्रेस विंडोज, मॅक आणि लिनक्स या तिन्हींवर विनामूल्य चालते. गूगल स्लाइड्स मोबाइलवरही उघडते. मी एवढेच सांगतो, की साधन कोणतेही घ्या, मजकूर युनिकोडमध्ये असू द्या. एक प्रत ओपनडॉक्युमेंटमध्ये ठेवा, कारण त्या खुल्या स्वरूपाला २००६ साली आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला आहे. परक्या यंत्रावर दाखवायचे असेल, तर फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफही जवळ बाळगा.

ओव्या अखेर एका परिवर्तकातून बाहेर काढल्या. जुन्या फाईलमध्ये पहिली वेलांटी दिसते तशी अक्षराच्या आधी नोंदलेली असते, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचे नेमके उलट. त्यामुळे कित्येक वेलांट्या शेजारच्या अक्षरावर जाऊन बसल्या होत्या. ओळ न् ओळ तपासताना, हस्तलिखित पोथ्यांचे पाठभेद लावणाऱ्या संपादकांविषयीचा माझा आदर वाढला.

एका ओवीतला एक शब्द मात्र सुटला नाही. तिथे रफार हवा होता की नको? ती टंकलिखित करणाऱ्याची चूक होती, की आजीचा कळमनुरीकडचा उच्चार? दोन्ही पाठ मी स्लाइडवर तसेच ठेवले. “सर, यातला बरोबर कोणता?” एका विद्यार्थिनीने विचारले.

जिला विचारायचे ती आता नाही, एवढेच मला सांगता आले. त्या दिवशी घरी जाताना विद्यार्थ्यांना नेमून दिले: आपापल्या आज्यांना आधी ऐका, लिहून घ्या, आणि वाचून दाखवल्याशिवाय फाईल बंद करू नका.