दारूखान्यातून पाहिलेला प्रलय

जॉर्ज मिलर यांचा ‘मॅड मॅक्स : फ्युरी रोड’ (२०१५) प्रथम पाहिला तेव्हा आम्ही भारावून गेलो होतो. सहा ऑस्कर मिळवणाऱ्या या चित्रपटाचे बळ त्याच्या मितभाषीपणात आहे. पाण्यावर ज्याची मालकी त्याची माणसांवर सत्ता, हे तो भाषणाविना दाखवतो. आणि हिरवी भूमी उरलेली नाही हे कळल्यावर फ्युरिओसाला पुढे पळायला नव्हे, मागे फिरायला लावतो. प्रलयोत्तर कथांत हे धैर्य विरळाच.

वर्गात त्याविषयी बोलताना रे रोडच्या दारूखान्याला आम्ही सहज ‘प्रलयानंतरचे दृश्य’ म्हणून गेलो. मागच्या बाकावरून एक विद्यार्थी म्हणाला, “सर, तिथे माझे वडील कामाला जातात.”

नंतर आम्ही तिथल्या गल्ल्यांतून हिंडलो. वर्षानुवर्षे इथे जुनी जहाजे तोडली गेली. गॅस कटरने कापलेले पत्रे, साखळ्या, नांगर पुन्हा बाजारात गेले. मिलर यांच्या वाळवंटात भंगाराला भव्यता आहे. पण नक्सचा अपवाद वगळता ते हाताळणारी माणसे पांढऱ्या, निनावी झुंडीत विरून जातात. ही उणीव चित्रपटाची खरीच. पण त्या विद्यार्थ्याने दाखवली ती आमची होती.