मागे राहणारी हवा

सांगलीहून पुण्याला निघालेली गाडी कराड ओलांडून गेली, तेव्हा चालकासमोरच्या पडद्यावर एक पिवळी खूण उमटली. "डिझेल तर निघतानाच भरले होते ना?" शेजारी बसलेल्या अण्णांनी मुलाला विचारले.

"डिझेल आहे, अण्णा. ॲडब्लू संपत आले आहे. आता भरले नाही, तर काही अंतरानंतर गाडी एकदा बंद केली की पुन्हा सुरूच होणार नाही."

साताऱ्याजवळच्या एका गॅरेजपाशी गाडी थांबली. तेथल्या मिस्त्रीने द्रवाचा कॅन बाहेर आणला आणि आवाज खाली करून एक सल्लाही दिला, "साहेब, दरवेळी हा खर्च कशाला? ही यंत्रणाच बंद करून देतो. गाडीला काही फरक पडणार नाही."

मुलगा क्षणभर घुटमळला. अण्णांनी कॅन हातात घेऊन त्यावरचा मजकूर वाचला आणि ते चकित झाले. चाळीस वर्षे खतांचे दुकान चालवलेल्या माणसाला त्यात ओळखीचा शब्द दिसला होता. "अरे, हा तर युरिया!"

"युरियाच, पण शेतातला नव्हे," मुलगा म्हणाला. "यात साडेबत्तीस टक्के अतिशुद्ध युरिया असतो आणि बाकीचे क्षारविरहित पाणी. शेतीच्या युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. तो विरघळवून इथे ओतला, तर फवारणीचे सूक्ष्म छिद्र बुजेल आणि उत्प्रेरक निकामी होईल."

"आणि तो युरिया शेतकऱ्याच्या अनुदानाचा आहे," अण्णा सावकाश म्हणाले. हे त्यांना कोणी शिकवावे लागले नव्हते. कारखान्यांसाठी जादा भावाने पोती मागणारे दलाल त्यांच्या दुकानाच्या पायरीवरून अनेकदा रिकाम्या हाती परतले होते.

"पण हे ओतल्याने होते काय?" त्यांनी विचारले.

मुलाने समजावून सांगितले. इंजिनातल्या प्रखर उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन घातक वायू तयार होतात. धुराच्या नळीत हा द्रव फवारला की उष्णतेने त्याचा अमोनिया बनतो आणि उत्प्रेरकाच्या साहाय्याने त्या वायूंचे साधा नायट्रोजन व पाण्याची वाफ यांत रूपांतर होते. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज सहाचे निकष लागू झाले, तेव्हापासून अनेक डिझेल गाड्यांत ही व्यवस्था आली.

"म्हणजे यात गाडीचा लाभ नाही, आपलाही नाही," अण्णा म्हणाले. "लाभ आपल्या मागून येणाऱ्याचा."

ते गप्प झाले. त्यांच्या दिवंगत पत्नीला दम्याचा विकार होता. एस.टी.च्या थांब्यावर पदर नाकाशी धरून उभी असलेली ती मूर्ती त्यांना आठवली. काळा धूर निदान दिसतो, माणूस तोंड तरी फिरवतो. हे वायू बहुधा दिसतही नाहीत, मात्र दमेकऱ्याचा श्वास तेवढा कोंडतात.

"दलालांना पोते दिले असते, तरी माझ्या दुकानाला काही फरक पडला नसता," ते मिस्त्रीकडे वळून म्हणाले. "फरक दुसऱ्याला पडला असता. यंत्रणा चालू राहू दे. कॅन तेवढा द्या."

मुलाने इंजिन बंद करून डिझेलच्या झाकणाशेजारचे निळे झाकण उघडले. अण्णांनी दोनदा बजावले, "झाकण नीट पाहा." तो इशारा योग्यच होता. हा द्रव चुकून डिझेलच्या टाकीत गेला, तर चावी न फिरवता गाडी ओढून न्यावी लागते आणि टाकी रिकामी करावी लागते. काही थेंब पत्र्यावर सांडले. वाळून पांढरे डाग पडू नयेत म्हणून अण्णांनी ते ओल्या फडक्याने पुसले. उरलेला कॅन घट्ट बंद करून उन्हापासून दूर, सामानाखाली ठेवला गेला.

गाडी सुरू झाली आणि थोड्या वेळाने पिवळी खूण मावळली. पुढच्या एका चढावर मागे एक दुचाकी होती. तिच्यावर एक तरुण जोडपे आणि मध्ये बसलेले लहान मूल होते. अण्णा बाजूच्या आरशात त्या तिघांकडे बराच वेळ पाहत होते. ती माणसे कोण, हे त्यांना ठाऊक नव्हते आणि पुढच्या गाडीत आपल्यासाठी काय भरले आहे, हे त्या माणसांनाही कधी कळणार नव्हते.