कॉपी

आयुष्यभर मुलांच्या कॉप्या पकडल्या आणि सत्तरीनंतर स्वतःच कॉपी करायला बसले! झालं काय, ऑनलाइन फॉर्मात बँकेचा खाते क्रमांक दोनदा लिहायचा होता, आणि दुसऱ्या रकान्यात पेस्ट बंद. माझे हात थरथरतात. नातवाने जावास्क्रिप्टची एक ओळ बुकमार्कमध्ये ठेवून दिली. तो दाबला की पेस्ट केल्याची खबर पानाच्या स्क्रिप्टपर्यंत पोचतच नाही. मग अडवणार कोण?

पाठवण्याआधी जुन्या सवयीने पासबुकाशी ताडून पाहिलं, तर पहिल्याच रकान्यात ६ च्या जागी ९! चूक दोन्हीकडे सारखी, म्हणून फॉर्म गप्प. ठेवीचे पैसे कुठे गेले असते देव जाणे.

आता क्रमांक पासबुकात बघून दोनदा लिहिते, सावकाश. बुकमार्क ठेवलाय, पण पत्त्यापुरता. असो.