उकळत्या दुधात विरजण

आमची बाग बडनेऱ्याबाहेर, काळ्या भारी मातीत. संत्र्याची २८० झाडं, जंबेरीवरची कलमं, वडिलांनी लावलेली. त्या वर्षी सप्टेंबर संपला तरी पाऊस उघडेना. सखल कोपऱ्यातल्या आळ्यांत पाणी तुंबलं आणि दिवाळीच्या सुमारास ११ झाडांच्या बुंध्यांवरून डिंक ओघळला. पानं पिवळी, त्यांच्या शिरा त्याहून पिवळ्या. साल खरवडली तर आत तपकिरी, ओलसर. बारीक मूळ चिमटीत धरून ओढलं की वरची साल हातात यायची आणि आत नुसता पांढरा दोरा उरायचा.

"डिंक्या हाय," वडील म्हणाले. "थो कोपरा गेला समज."

हा फायटोफ्थोरा. बुरशी म्हणतात त्याला, पण नातं शेवाळाशी जवळचं. त्याचे बीजाणू साचलेल्या पाण्यात चक्क पोहत मुळांपर्यंत जातात. म्हणजे आळं भरून पाणी दिलं की आपणच त्याची सोय करतो.

कुजलेली साल काढून बोर्डो मलम लावलं: मोरचूद १ किलो, चुना १ किलो, पाणी १० लिटर. हे वडिलांच्या हातचं काम. ट्रायकोडर्माचं खूळ माझं. ही बुरशी दुसऱ्या बुरशीच्या धाग्याला विळखा घालते, तिच्या भिंती विरघळवते आणि तिच्यावरच जगते, एवढं वाचून मी मार्चमध्ये पाकिटं घेऊन आलो आणि शेतातल्या टिनाच्या खोलीत फळीवर ठेवली. वैशाखात त्या खोलीत माणूस उभा राहू शकत नाही. जूनमध्ये तीच भुकटी कोरडीच आळ्यांत फेकली. वर खात्री म्हणून आठवडाभरात मुळांशी तांब्याचं बुरशीनाशक ओतलं. पावसाळ्यात आणखी दोन झाडं वाळली.

मी कंपनीला शिव्या देत जेवायला बसलो होतो. आईनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "उकळत्या दुधात इरजण टाकलं त दही लागन का रे बावा?"

मला राग आला, कारण ते खरं होतं. मी जिवंत वस्तू युरियासारखी वापरली होती.

पुढच्या वर्षी जूनच्या तोंडावर गाडीनं अकोल्याला गेलो. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून ताजी पाकिटं घेतली आणि परतताना मूर्तिजापूरच्या पुढपर्यंत ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरली. शेजारचा माणूस विचारत होता, लोणी आहे का. आंब्याखाली १०० किलो कुजलेलं शेणखत पसरलं, १ किलो ट्रायकोडर्मा मिसळला, पाणी शिंपडून ओला बारदाना झाकला. तीन-चार दिवसांनी खालीवर करायचं. बाराव्या दिवशी बारदाना उचलला तर खतावर पांढरी जाळी आणि मधेमधे शेवाळी हिरवा रंग. वडील वाकून बराच वेळ बघत राहिले, बोलले काही नाही. पाऊस पडून माती ओली झाल्यावर ते खत मुळांच्या घेरात मातीआड केलं. सोबत स्युडोमोनास हा जिवाणू. तो मातीतलं लोह स्वतःकडे ओढून रोगाच्या बुरशीची उपासमार करतो. तांबं त्या महिन्यात मुळांशी येऊ दिलं नाही. बुंध्याभोवती मातीचा उंचवटा करून दुहेरी आळं केलं, म्हणजे पाणी खोडाला टेकत नाही, आणि कोपऱ्यातून एक खोल चर काढला.

त्या ११ पैकी चार झाडं शेवटी उपटावी लागली. सात उभी आहेत, नवी पांढरी मुळं धरलेली, आणि यंदा त्यांच्यावर आंबिया बहार टिकला. श्रेय चराचं किती आणि बुरशीचं किती, हे मला सांगता यायचं नाही. दोन्ही एकाच पावसाळ्यात केलं. वडील चराला देतात.

उरलेलं पाकीट आता घरात माठाशेजारी असतं. तुम्ही घ्याल तेव्हा भाव नंतर विचारा, आधी पाकिटावरची तारीख वाचा.